बिनवासाची पावडर

आमच्या गावात झेनोनकाकांपेक्षा त्यांच्या नाकाला जास्त मान होता, आणि हे मी चेष्टेनं म्हणत नाही. एकतीस वर्षं ते दूध संकलन केंद्राच्या दारात उभे राहिले. गाड्या यायच्या, कॅनचं झाकण उघडायचं, काका वाकायचे, एकदा श्वास आत घ्यायचे आणि म्हणायचे, "घ्या," किंवा "न्या." तपासायचं यंत्र होतं, पण ते अर्ध्या तासानं तेच सांगायचं. गाईनं रानलसूण खाल्ली असेल, मुरघास गोठ्यात उघडा पडला असेल, कॅन धुवायचा आळस केला असेल, सगळं त्यांना त्या एका श्वासात कळायचं. त्यांनी "न्या" म्हटलं की चाळीस गाईंचा मालकसुद्धा ब्र न काढता कॅन उचलायचा. एकानं म्हणे सोबत सॉसेजची माळ आणली होती. काकांनी सॉसेज ठेवून घेतलं आणि दूध परत पाठवलं. ही गोष्ट खरी की खोटी असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सॉसेज चांगलं होतं."

मग टँकर थेट गोठ्यापर्यंत जायला लागले आणि केंद्राला कुलूप लागलं. त्याच वर्षी काकू गेल्या. मुलगी बेआता लग्न करून दूर श्चेचिन शहरात गेलेली. एकटा माणूस दिवसभर करणार काय? काकांनी मागच्या धुण्याच्या खोलीत बिअर करायला घेतली. पाच वर्षांत गावातले आम्ही नऊ जण त्यांच्या हाताखाली तयार झालो. नवांत बाई मी एकटीच. माझं चर्चसमोर दुकान आहे: साबण, ब्रश, रंग, उंदराचं औषध. त्यामुळे आमच्या या बिअर मंडळात माझा उपयोग काय हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

कारण काकांचा पहिला धडा बिअरचा नव्हता, धुण्याचा होता. "बिअर यीस्ट करतं," ते म्हणायचे. "आपण नुसते भांडी घासणारे. आणि घासायचंही नाही." प्लॅस्टिकच्या टबाला घासणी लावली की ओरखडे पडतात आणि ओरखड्यात जंतू घर करतात. म्हणून पावडर. शहरातल्या बिअरच्या सामानाच्या दुकानात ती डब्यात मिळते, डब्यावर सोनेरी जवाची लोंबी, आणि किंमत बघून माणसाला घाम फुटावा. काकांनी डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि सरळ माझ्या दुकानात आले. "ही तुझ्याकडे चादरी पांढऱ्या करायला ठेवतेस ना, साध्या पिशवीत? बारा झ्वॉती किलो? अगं, तेच आहे हे!" तेच होतं. पर्कार्बोनेट हा शब्द कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून आम्ही तिला ऑक्सिजन म्हणायला लागलो. "लुत्सिना, दोन किलो ऑक्सिजन दे," असं कुणी म्हटलं की दुकानातली परकी गिऱ्हाइकं दचकून बघायची.

दहा लिटर गरम पाण्याला चार सपाट चमचे, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. पाण्यातून बारीक बुडबुडे वर येत राहतात आणि टबाच्या कडेला चिकटलेला तपकिरी थर सायीसारखा आपोआप सुटतो. झाकण घट्ट लावायचं नाही. आमच्या बोगदाननं एकदा बाटलीचं बूच दाबून लावलं होतं, तिच्या काचा अजून त्याच्या तळघराच्या छतात आहेत. अल्युमिनियमला पावडर दाखवायचीसुद्धा नाही. माझं चांगलं पातेलं काळं ठिक्कर पडलं, तेव्हा काका पोट धरून हसले होते. मग तीनदा साध्या पाण्यानं खळबळायचं, जंतू मारायचं पाणी वेगळं फिरवायचं, आणि त्याच्या आधी, सगळ्यात महत्त्वाचं, काका टबात खांद्यापर्यंत डोकं घालायचे. जरा जरी वास आला तरी पुन्हा पहिल्यापासून. "काहीच वास आला नाही म्हणजे स्वच्छ," ते म्हणायचे. हे वाक्य आम्ही नऊही जणांनी पाठ केलं. ते कधी उलटू शकेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

दर वसंतात अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये घरगुती बिअरची स्पर्धा होते, पंचक्रोशीतून बाटल्या येतात. तीन परीक्षक, मधली खुर्ची काकांची. त्या खुर्चीवर ते बसले की पाठ ताठ व्हायची, सत्तरीतला माणूस पन्नाशीचा दिसायचा. खरं सांगायचं तर वर्षातले उरलेले दिवस ते त्या एका दिवसासाठी काढत होते.

या फेब्रुवारीत साधी पावडर संपली. पुरवठादारानं नव्या पिशव्या पाठवल्या. तीच पांढरी पिशवी, तीच निळी अक्षरं. खाली कोपऱ्यात बारीक जांभळं फूल होतं, ते मी पाहिलं, पण सजावट असेल म्हणून सोडून दिलं. माझ्या दुकानात चोवीस प्रकारच्या साबणांचा वास कोंडलेला असतो, तिथे मला वेगळा असा कशाचाच वास येत नाही. काका आले. नेहमीप्रमाणे त्यांनी पिशवीचा कोपरा फाडला, चिमूटभर पावडर तळहातावर घेतली, नाकाशी नेली, डोळे मिटले. दुसऱ्या कुणी माझ्या काउंटरवर असं केलं असतं तर मी त्याचा हात धरला असता.

"काही नाही," काका म्हणाले. "स्वच्छ. तीन दे."

त्यांनी हुंगली म्हणून मी पिशवी वाचली नाही. हे माझं म्हणणं आहे आणि ते खरंही आहे. पण दुकान माझं आहे.

याच वर्षी अग्निशामक दलाला शंभर वर्षं होत होती. चार मेला, अग्निशामकांच्या संत फ्लोरियानच्या सणाला, मंडळानं दीडशे लिटर बिअर द्यायची ठरली होती, धुरावलेल्या गव्हाची, आमच्याकडच्या जुन्या पद्धतीची. गहू सगळ्यांनी मिळून आणला. मोठा हंडा काकांकडे, म्हणून शिजवणं त्यांच्या धुण्याच्या खोलीत. सहा टब त्या नव्या पावडरीत भिजले, बाटल्याही त्यातच भिजल्या. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही हॉलमध्ये जमलो. चरबी लावलेला पाव, खारवलेल्या काकड्या, सगळे खुशीत. बोगदाननं पहिली बाटली उघडली आणि ग्लास फिरवले.

मी ग्लास तोंडाशी नेला आणि थांबले. लव्हेंडर. कपाटात कपड्यांच्या घडीत ठेवतात ते. त्याच्या मागे कुठेतरी बिचारा धूर होता, पण तो दाराबाहेर उभा असल्यासारखा. ग्लासावर फेसही नव्हता, नुसती चार बुडबुड्यांची कडा. मी आजूबाजूला पाहिलं. सगळे ग्लासात बघत होते आणि काकांकडे बघत होते.

काकांनी ग्लास गोल फिरवला. नाकाशी नेला. डोळे मिटले.

"धूर छान उतरलाय," ते म्हणाले. "मागे भाजलेल्या पावाची कड. स्वच्छ झालीय."

मग रोमेक बोलला. त्याचं टायरचं दुकान आहे आणि तोंडाला लगाम नाही. "काका, धूर कुठला? ही प्यायची आहे का अंथरायची?"

एकदोघं फिसकन हसले. मी काकांकडे बघत होते. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. राग नव्हताच. त्यांची नजर एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर पळत होती, काय चुकलंय ते कुठेतरी लिहिलेलं सापडेल अशी. एवढा घाबरलेला माणूस मी फार दिवसांत पाहिला नव्हता. मी बोलून गेले, "चूक माझी आहे. नवीन पिशवी मी दिली. वासाची निघाली, मी वाचलंच नाही."

हे मी दयेनं केलं. दया दाखवल्यावर माणूस निदान गप्प बसेल असं आपल्याला वाटतं. काकांनी ग्लास टेबलावर आपटला. "दुकानात बसून बसून नाक मेलंय तुझं! मी विश्वासानं घ्यायचं आणि तू मला चादरी धुवायची वासाची पावडर देणार? दीडशे लिटर! पोरांचा सगळा गहू!" मग इतरांकडे वळून, छाती काढून, "आणि तुम्ही! मी मुद्दाम म्हटलं छान आहे. बघत होतो, तोंड कोण उघडतो. एकटा रोमेक. बाकी सगळी मेंढरं!"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. काकांनी परीक्षा घेतली होती, बस्स. हशा पिकला. रोमेकनं मला तिथल्या तिथे लव्हेंडरबाई करून टाकलं. दीडशे लिटर बिअर हॉलमागच्या गटारात ओतली, ती ओतायलाही मीच पुढे. सगळा रस्ता माझ्या दुकानासारखा घमघमत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून मी काकांकडे निघाले. भांडायला निघाले होते, यात लपवण्यासारखं काही नाही. डोक्यात नुसती तिडीक होती. काय काय बोलायचं ते वाटेत दोनदा घोकलं. फाटक ढकललं, स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि घोकलेलं सगळं विसरले.

गॅस. इतका की डोळ्यांत पाणी आलं. शेगडीवर बाटल्या भिजवायच्या पाण्याचा मोठा हंडा होता. पाणी उतू जाऊन बर्नर विझला होता आणि चावी पूर्ण उघडी. खालच्या सिलिंडरमधून सूं आवाज येत होता. आणि शेजारच्या धुण्याच्या खोलीत, मधलं दार सताड उघडं, झेनोनकाका स्टुलावर बसून बाटल्यांचे कागद सोलत होते. शिट्टी वाजवत होते.

मी चावी बंद केली, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या, काकांना दंडाला धरून अंगणात ओढलं. "अगं, काय झालं? सोड! काय झालं?" ते विचारत राहिले. खिशातून त्यांची सिगरेट डोकावत होती. मी ती काढून चिखलात टाकली, आणि मग पायरीवर बसले.

"काका, घर गॅसनं भरलंय."

ते दाराकडे बघत राहिले. आत जाऊन हुंगून येतील असं क्षणभर वाटलं. मग तेही पायरीवर बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पाणी ठेवून अर्धा तास..."

"गॅस नाही विचारला मी."

त्यांनी हातातला ओला कागद उलटसुलट केला. "तो ताप आला होता ना, मागच्याच्या मागच्या थंडीत. बरा झालो. सकाळी उठून कॉफी केली. गरम पाणी होतं नुसतं. म्हटलं, कॉफी जुनी असेल. नवीन आणली." ते थांबले. "ती तुझ्या शेजारच्या दुकानातून आणली होती. त्याच्याशी भांडलो मी, भेसळ म्हणून."

"आणि परीक्षक म्हणून बसलात? दोन वर्षं?"

"रंग दिसतो. फेस दिसतो. आणि बेनेदिक्त शेजारी असतो." बेनेदिक्त म्हणजे दुसरे परीक्षक, श्रेम गावचे औषधवाले. "त्याच्या भुवया बघतो मी. उजवी वर गेली की आंबट. दोन्ही गेल्या की काहीतरी भयंकर. खाली राहिल्या की मी चांगलं बोलतो. काल बेनेदिक्त नव्हता."

मला हसू आलं असतं, एरवी. "काल मी तुमच्यासाठी सगळ्यांत नाक कापून घेतलं," मी म्हटलं, "आणि तुम्ही वर मलाच झापलंत."

"घाबरलो होतो, पोरी."

"आज मला राग आला नसता तर मी आले नसते. कळतंय का तुम्हाला? मी काल खोटं बोलले नसते तर हे कालच सगळ्यांना कळलं असतं, आणि कुणीतरी तुमचा गॅस काढून नेला असता. माझ्या त्या खोट्यानं आज तुमची राख झाली असती. वर मी तुमच्या मयताला रडले असते, काय भला माणूस म्हणून!" मी ओरडत होते. शेजारणीनं पडदा सरकवला.

काका खालच्या आवाजात म्हणाले, "बेआताला कळलं तर मला श्चेचिनला नेईल. चौथा मजला. तिथे मी काय करू? इथे निदान लोक विचारतात, काका, हे बघा जरा. एवढी स्पर्धा होऊ दे. शनिवारी शेवटचं बसतो, मग तब्येतीचं कारण सांगून सोडतो. चुकीची पिशवी तू दिलीस, हे असंच राहू दे. पाया पडतो."

हे ऐकून मला त्यांची कीवही आली आणि त्या कीवेचा रागही. मी म्हटलं, "शनिवारी तुम्ही सांगा. पहिल्या ग्लासाला. नाही सांगितलंत तर मी हॉलमध्ये उभी राहून सांगेन, बेआताला फोनही मीच करेन." मग सिलिंडरची नळी सोडवली, सिलिंडर गाडीत घातला आणि स्वतःची विजेची शेगडी आणून दिली. काकांनी शेगडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

शनिवारपर्यंत ते दुकानाकडे फिरकले नाहीत. मी रोज ठरवायचे की सांगणार, आणि रोज वाटायचं, आपण कोण? गॅस तर नेलाच आहे. एक म्हातारा वर्षातून एकदा खुर्चीत बसतो आणि दुसऱ्याच्या भुवया बघतो, त्यानं जगाचं काय बिघडतं? मग तो सूं आवाज कानात यायचा.

शनिवारी अठरा बाटल्या होत्या. ग्लास पोचवायचं काम माझ्याकडे. काका मधल्या खुर्चीत, अंगात लोकरी कोट, पाठ ताठ. मी पहिला ग्लास त्यांच्यासमोर ठेवला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ग्लास उचलला, गोल फिरवला, नाकाशी नेला. शेजारी बेनेदिक्तची उजवी भुवई वर गेली होती. मी ट्रे घट्ट धरला. आता बोलायचं, मी स्वतःला म्हणत होते, आता.

काकांनी ग्लास खाली ठेवला. "मला हिचा वास येत नाही," ते म्हणाले.

"हो, जरा मंदच आहे," बेनेदिक्त म्हणाले आणि लिहायला लागले.

"तसं नाही. कशाचाच येत नाही. दोन वर्षं झाली." आवाज मोठा नव्हता, पण हॉलच्या दारापर्यंत पोचला. "आणि ती चादरीची पावडर. लुत्सिनानं पिशवी दिली, पण हुंगून चांगली आहे असं मी म्हटलं. दोष तिचा नाही. मी परीक्षा वगैरे काही घेत नव्हतो."

कुणीतरी हसलं, त्याला विनोद वाटला असावा. मग ते हसूही थांबलं. मला वाटलं होतं, कुणी उठेल, खांद्यावर हात ठेवेल. कुणी उठलं नाही. लोक मनातल्या मनात मागची दोन वर्षं मोजत होते, ते तोंडावर दिसत होतं. शेवटी रोमेक उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता. गेल्या वर्षी त्याला रौप्यपदक मिळालं होतं, ते टायरच्या दुकानात गल्ल्याच्या वर टांगलेलं आहे.

"काका, मग माझी बिअर?"

झेनोनकाकांनी थोडा विचार केला. "फेस छान होता तुझ्या बिअरचा, रोमेक."

"आणि वास?"

"ते बेनेदिक्तना विचार."

बेनेदिक्त कागदांत डोकं घालून बसले होते. तोंडाला लगाम नसलेला माणूस त्या दिवशी नुसता उभा राहिला, आणि मग हळूच खाली बसला. बोगदाननं मला मधल्या खुर्चीत बसायला सांगितलं. मी नाही म्हटलं. काकांना घरी पोचवायचं होतं.

बेआताला आज रात्री स्वतःच फोन करतो, गाडीत पुलापर्यंत काका एवढंच बोलले. मी बरं म्हटलं. तुम्ही चांगलं केलंत, असं काहीतरी म्हणायला हवं होतं, पण त्यांच्यासारख्या माणसाला ते ऐकवणं मला जमेना.

पूल ओलांडल्यावर त्यांनी घसा साफ केला. "लुत्सिना, एक विचारू? खरं सांग." ते समोर काचेतून बघत होते. "माझ्या अंगाला वास येतो का?"

मी गाडी हळू केली.

"दोन वर्षं कुणाला विचारणार? विचारलं असतं तर कळलं असतं ना. मी धुतो, अंघोळ करतो. पण एकट्या माणसाला कळत नाही. चर्चमध्ये शेजारची बाई सरकून बसली की मला वाटतं, माझ्यामुळे."

एका आठवड्यापूर्वी मी नाही म्हटलं असतं, आणि तेही दयेनंच.

"येतो, काका," मी म्हटलं. "कोटाला. फार नाही, पण येतो."

त्यांनी मान हलवली. मग आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली आणि दाराला टेकून, माझ्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसले. बाहेर गारठा होता. काच लावा, असं मी दोनदा म्हटलं, पण घर येईपर्यंत त्यांनी ती लावली नाही.